होडीचा जामीन

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कशाकशासाठी येतात याची एक ठरावीक यादी आहे. मुलीच्या लग्नाला मंगलाष्टके करून द्या, वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून या, वाचनालयाच्या वर्धापनदिनी दोन शब्द बोला, आणि फारच जवळचा संबंध असला तर आजोबांवरचा मृत्युलेख एकदा नजरेखालून घाला. या माणसाच्या हातून पैशाचे काही काम होईल अशी अपेक्षा कुणीही बाळगत नाही, आणि तेच या धंद्यातले मोठे सुख आहे. म्हणूनच गेल्या माघातल्या एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला, तेव्हा लग्नाची पत्रिका घ्यायला मी हसतमुखाने हात पुढे केला. त्याने हातावर ठेवला तो बँकेचा छापील अर्ज.

"सर, जामीन राहाल काय?"

"कशाला?"

"बोट घेतोय. फायबरची. चाळीस हॉर्सपॉवर."

राजापूरच्या माणसाला होडीचे नवल नाही. मी विचारले, "मासेमारीची?"

"नाही सर. फिरायला."

"कुठे जायला?"

"कुठे नाही सर. नुसतं फिरायला. बोटिंग!"

मुलगा शहाणा होता. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला त्याने खाडीवर निबंध लिहिला होता, त्याला मी वर्गात सर्वांत जास्त गुण दिले होते. त्याचे हे फळ असावे. मी म्हटले, "विचार करून सांगतो." हे वाक्य नकार देण्याचे धैर्य नसलेल्या सर्व सज्जनांचे आवडते वाक्य आहे.

तो गेल्यावर पहिली अडचण मला भाषेची वाटली. (धंदाच तो आहे, काय करणार?) आमच्या भाषेत होड्यांना शब्द थोडे नाहीत. होडी आहे, पडाव आहे, मचवा आहे, गलबत आहे, पैलतीरी नेणारी तर आहे. पण ही सगळी कामकऱ्यांची नावे. एक माल वाहते, एक माणसे उतरवते, एक मासे आणते. कुठेच न जाता, फिरून जिथल्या तिथे परत येणाऱ्या होडीला आमच्या बापजाद्यांनी नावच ठेवले नाही. 'नौकाविहार' म्हणावे, तर तो राजेलोकांनी करायचा. खाडीकाठच्या माणसाने कुठलेही काम नसताना पाण्यात जाणे ही गोष्ट गावाला ठाऊकच नव्हती.

आणि हे गाव कोणते, तर राजापूर! समुद्रापासून इतके आत, सह्याद्रीच्या कुशीकडे सरकलेले, तरी बंदर. अर्जुना नदीतून भरतीबरोबर गलबते येत, घाटावरचा माल खाली उतरे, परदेशचा माल वर चढे. इंग्रजांना येथे वखार काढावीशी वाटली आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी त्याच वखारीतले इंग्रज पकडून नेले, हे शाळेतल्या पोराला पाठ असते. पुढे गाळ आला. वरच्या डोंगरांवरची माती पावसागणिक नदीत उतरली आणि बंदर हळूहळू खाडीने खाली सरकत गेले. आता गलबते राजापूरला येत नाहीत. पावसाळ्यात मात्र अर्जुना आणि कोदवली या दोघी मिळून जवाहर चौकात येतात आणि दुकानदारांची चौकशी करून परत जातात.

माझे वडील लहानपणी मुंबईहून आगबोटीने येत. आगबोट मुसाकाजीला बाहेरच नांगर टाकून उभी राही. मग पडाव येत, आणि बायकामुले, ट्रंका, आंब्यांच्या रिकाम्या करंड्या यांना हातोहात खाली उतरवीत. वडील ही हकीगत जेवताना सांगत. त्यांच्या सांगण्यात भीतीही असे आणि थोडी प्रौढीही. 'रामदास' बोटीचे नाव निघाले की मात्र ते गप्प होत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. वडिलांचा जन्म त्यानंतरचा, पण कोकणातल्या प्रत्येक घरात त्या बोटीतला कुणीतरी ओळखीचा असेच.

रात्री मी ही गोष्ट घरात काढली. आमच्या सौ. शाळेत शिक्षिका आहेत, त्यामुळे आधी पूर्ण ऐकून घेतात आणि मग निकाल देतात.

"अहो, माझे बाबा एकदा जामीन राहिले होते, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. शेजाऱ्याने भाताची गिरणी काढली, सासरेबुवांनी सही केली, गिरणी दोन वर्षांत बंद पडली आणि पुढे सहा वर्षे हप्ता सासरेबुवांच्या पगारातून जात राहिला.

"आईच्या पाटल्या त्या गिरणीत दळल्या गेल्या," ती म्हणाली. "आणि ती तर जमिनीवर उभी असलेली गिरणी होती. ही बोट! परवा गेटवेला काय झालं?"

'परवा' हे बायकांचे परवा. १८ डिसेंबर २०२४ ची ती गोष्ट. घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि सहलीला निघालेली माणसे बुडाली. त्या बातमीने आमच्या घरात दोन दिवस जेवण गेले नव्हते. शिवाय पुढच्या वर्षी मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचे आहे. कर्जाची रक्कम नऊ लाख. माझ्या अर्जावरील सहीची किंमत आजवर कधी नऊ रुपयेही झालेली नव्हती.

नकार द्यायचा तर तो अभ्यासपूर्वक द्यावा, अशी मास्तरांची एक खोड असते. मी रोज रात्री या होड्यांच्या धंद्याविषयी वाचायला बसलो. आणि वाचकहो, मोठ्या गमतीचा हा संसार निघाला!

होडीच्या पाठीला अडकवायचे इंजिन बाजारात रुजवले ते ओले एव्हिनरूड नावाच्या, नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने. गोष्ट अशी सांगतात, की उन्हाळ्याच्या दिवसांत एका तळ्याकाठी त्याच्या प्रियेला आइस्क्रीम खाण्याची इच्छा झाली. हा बिचारा वल्हे मारीत पलीकडे गेला आणि वल्हे मारीत परत आला, तोवर आइस्क्रीमचे पाणी झाले होते. त्या पाण्याकडे बघून त्याला इंजिन सुचले. १९०९ मध्ये त्याने कारखाना काढला. प्रियेशी त्याचे लग्न झाले आणि धंद्याचा हिशेब तिनेच सांभाळला. ही गोष्ट मी सौ.ना मोठ्या हौसेने सांगितली. ती म्हणाली, "आणि आता तो कारखाना कसा चालला आहे?" मला खाली मान घालून सांगावे लागले, की त्या नावाची इंजिने करणे २०२० मध्ये बंद झाले.

दुसरी क्रांती सांगाड्याची. आमच्याकडची होडी लाकडाची. दरवर्षी ती ओढून किनाऱ्यावर घ्यायची, फटीत कापूस ठोकायचा, राळ आणि तेल लावायचे. तरी पाण्यातला किडा लाकूड पोखरतोच. काचेच्या बारीक धाग्यांचे कापड साच्यात पसरून त्यावर राळेसारखे रसायन थापायचे, ते वाळले की होडी तयार, ही युक्ती १९४० च्या दशकात अमेरिकेत निघाली. एका साच्यातून शंभर होड्या निघतात. कीड नाही, कुजणे नाही. सुताराचे हात गेले आणि होडी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. फक्त ही होडी मरतही नाही. लाकडाची मोडली तर चुलीत जाते. हिचे काय करायचे हा प्रश्न इतका वाढला, की फ्रान्सने २०१९ पासून जुन्या होड्या मोडीत काढण्याची वेगळी व्यवस्थाच उभारली.

तिसरी गोष्ट बाजाराची. २०२० मध्ये साथीमुळे जग घरात कोंडले गेले, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांना एकाएकी पाण्याची ओढ लागली. होडीत फक्त आपलेच कुटुंब असते आणि खोकणारा शेजारी किनाऱ्यावर राहतो! त्या एका वर्षात तेथे ३ लाखांहून अधिक नव्या यांत्रिक बोटी खपल्या. २००८ नंतरचा तो उच्चांक होता. मग साथ सरली, व्याजाचे दर चढले आणि विक्री उतरू लागली. हौस होती, पण कर्जाने घेतलेली होती. हे वाचताना माझ्या पोटात जरा कालवले.

त्यातल्या शहाण्या व्यापाऱ्यांनी आधीच ओळखले होते, की माणसाला बोट नको असते, पाण्यावरची एक दुपार हवी असते. ब्रन्सविक ही बोटी आणि इंजिने करणारी बडी कंपनी. तिने २०१९ मध्ये फ्रीडम बोट क्लब विकत घेतला. वर्गणी भरा, वाटेल तेव्हा बोट न्या, धुणे-पुसणे-दुरुस्ती क्लबाची. आमच्या वाचनालयाचीच तऱ्हा म्हणायची, पुस्तकांऐवजी बोटी.

माझा विद्यार्थी आठवड्याने पुन्हा आला, तेव्हा मी त्याला हिशेबाची वही दाखवली. चाळीस अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगाने चालवले तर तासाला चौदा-पंधरा लिटर पेट्रोल पिते. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यातले खेळ बंद. बँकेचा हप्ता मात्र भर पावसातही छत्री घेऊन येतो. शनिवार-रविवार आणि सुट्या सोडल्या तर इकडे येणार कोण?

"मालवणला बघा ना सर," तो म्हणाला. "तारकर्ली, देवबाग. पंधरा-वीस वर्षांपूर्वी काय होतं? आज रांग लागते. लोकांना वेग हवा असतो. पाणी उडालं पाहिजे, फोटो आला पाहिजे."

त्याचे खोटे नव्हते. मुंबईतल्या कामाला कंटाळून तो परत आला होता; येथे राहून पोट भरायचे, तर त्याच्याजवळ खाडीशिवाय दुसरे भांडवल नव्हते. मग मी म्हटले, "एकदा दाखव तरी तुझी खाडी."

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही त्याच्या गावी गेलो. गाव जैतापूरच्या अलीकडे, खाडीकाठी. 'आम्ही' म्हणतो, कारण सौ.ही आल्या. "सही करण्यापूर्वी गिरणी बघून घ्यावी," असे त्यांनी मोघम कारण सांगितले. विद्यार्थ्याने घरच्या लाकडी होडीला मित्राचे इंजिन अडकवून ठेवले होते. कापडात गुंडाळलेली तीन लाइफ जॅकेटे त्याने आधी आमच्या हातात दिली, हे सौ.नी पाहिले. पुढच्या बाजूला त्याचे वडील बसले होते. जन्म पाण्यावर गेलेला, सत्तरी उलटलेला तांडेल. त्यांनी मला 'मास्तर' म्हणून रामराम केला आणि पुढे बोलले नाहीत.

मुलाने दोरी ओढली, इंजिन सुरू झाले आणि होडीने तोंड वर केले. तेव्हा मला पुस्तकात वाचलेले शास्त्र अंगावर समजले. होडी हळू चालते तेव्हा पाणी बाजूला सारीत चालते. तसेच सारीत वेग दुप्पट करायचा, तर ताकद सुमारे आठपट लागते. म्हणून वेगाच्या बोटींचा तळ सपाट करतात. ती पाणी कापायचे सोडून पाण्यावर चढते आणि घसरत जाते. आमची जुनी होडी बिचारी चढू पाहत होती आणि तिला ते झेपत नव्हते. दोन्ही काठांच्या कांदळवनात आमच्या लाटा जाऊन आपटत होत्या. बगळे उठले. एक जाळे लावून बसलेला मनुष्य आमच्याकडे बघून काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आले नाही हे बरेच झाले.

ओहोटी चालू होती. एका वळणावर मुलाने डावीकडून घातली. तांडेलांनी हात जरासा उचलला आणि खाली ठेवला. पुढच्याच क्षणी होडीखाली मऊ, जाड असे काहीतरी लागले आणि आम्ही सगळे एकदम पुढे झुकलो. चालू इंजिनातून मागे पाण्याची एक बारीक धार पडत असते. ते बाहेरचेच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते. ती धार आधी गढूळ झाली, मग थांबली. मुलाने घाईने इंजिन बंद केले. चिखल आत गेला होता.

"आता?" सौ.नी विचारले.

"आता काय नाय," तांडेल म्हणाले. "दोन तास. भरती आली की उठेल आपणहून."

मुलगा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. ज्यांच्या सहीवर त्याचे सारे अवलंबून होते, ती दोन माणसे त्याने राजापूरच्या गाळात रुतवली होती. तांडेल त्याला एक अक्षर बोलले नाहीत. मलाच म्हणाले, "गेल्या पावसात वाळू इकडं सरकली. फोनात दाखवत नाय ते."

त्या दोन तासांचे वर्णन मी काय करू? आवाज बंद झाल्यावर खाडी पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. उठलेले बगळे परतले. खंड्या एका बांबूवर बसला, खाली पडल्यासारखा पाण्यात गेला, मासा घेऊन वर आला. उघड्या पडलेल्या चिखलात बायका मुळे काढीत होत्या. त्यांच्यातली एक सौ.ची जुनी विद्यार्थिनी निघाली आणि दोघींच्या गप्पा पाण्यावरून चालू झाल्या. तांडेल हळूहळू बोलते झाले. पोरवयात ते मुसाकाजीला पडावावर होते. आगबोट भोंगा द्यायची, मग लाटेबरोबर पडाव वर येई त्या क्षणी वरच्या माणसाला 'सोड' म्हणायचे. एक क्षण चुकला तर माणूस पाण्यात. "पोरं तर आमी झेलून घ्यायचो," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. त्या झेललेल्या पोरांत माझे वडील असतील, नसतीलही. पण असल्याच कुणाच्या तरी हातांवर त्यांनी विश्वास टाकला होता. त्या हातांना कुणी जामीन विचारला नव्हता.

"मास्तर," तांडेल थोड्या वेळाने म्हणाले, "तेव्हा माणूस होडीत बसायचा तो उतरायसाठी. आता बसायसाठीच बसायचं म्हणतात. मग एवढी घाई कशाला?"

सौ. शांतपणे म्हणाल्या, "किती वर्षांत अशी काही न करता बसले नव्हते हो."

मुलगा खिन्नपणे हसला. "बाई, पण रुतलेल्या बोटीचं तिकीट कोण काढील?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण केरळची गोष्ट मी त्याला सांगितली. तेथल्या बॅकवॉटरमध्ये भात वाहणारे केट्टुवल्लम होते. काथ्याने फळ्या शिवून केलेले अजस्र पडाव. रस्ते आणि पूल झाले, तसे ते निकामी झाले. आमच्याकडेही पूल झाले तशा तरी बंद पडल्या, तसेच. मग कुणीतरी त्यांच्यावर खोल्या बांधल्या, आणि आज माणसे दूरदूरच्या देशांतून येऊन त्यात काहीही न करता बसतात व त्याचे पैसे मोजतात. त्याच केरळात जानेवारी २०१७ मध्ये 'आदित्य' नावाची, पंचाहत्तर उतारूंची, सूर्याच्या विजेवर चालणारी बोट वैकम ते तवणक्कडव अशी सुरू झाली. ती धावत नाही, चालते. वेगाची हाव धरली की विजेचे गणित बिघडते. किलोभर पेट्रोलात साधारण बारा युनिट ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीत पाव युनिटाच्या आसपास. इंजिन त्यातली बरीचशी फुकट घालवते आणि विजेची मोटर घालवीत नाही, हे खरे. तरी अंतर मोठेच. पण हळू जायचे असेल तर तीच बॅटरी दिवसभर पुरते, आणि खंड्या उडून जात नाही. २००५ मध्ये जर्मनीत निघालेली विजेच्या इंजिनांची टॉर्कीडो कंपनी २०२४ मध्ये जपानच्या यामाहाने उगीच घेतली नाही.

भरती आली. होडी खरोखरच आपणहून उठली. परत येताना सुकाणूवर तांडेल होते, आणि मुलगा पुढे बसून बापाचे हात बघत होता. कॉलेजात तो माझ्या वर्गात इतक्या लक्षाने कधीच बसला नव्हता.

त्यानंतर महिनाभर आमची भांडणे चालली. चाळीसचे इंजिन पंधरावर आले. चार-स्ट्रोकचे, कारण जुन्या दोन-स्ट्रोकच्या इंजिनातून सुमारे पाव पेट्रोल न जळताच पाण्यात जाते. छत आले, बसायला रुंद बाके आली. विजेच्या मोटरीची किंमत आज परवडत नाही. पण पुढे ती बसवता येईल असा मागचा भाग करून घ्यायचे ठरले. नोंदणी, तपासणी, विमा आणि माणसागणिक जॅकेट या चार गोष्टींवर सौ. अडून बसल्या. कर्ज नऊवरून पाच लाखांवर उतरले. मुलगा पूर्ण पटला आहे असे नाही. "सर, लोकांनी वेगच मागितला तर?" असे तो अजून विचारतो, आणि तो बरोबर असण्याचा संभव आहे. बाजार हा काही माझा विद्यार्थी नव्हे.

एप्रिलात आम्ही बँकेत गेलो. माझी सही झाली. साहेबांनी अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाले, "दुसरा जामीन?" मुलगा माझ्याकडे बघू लागला, हे त्याने मला सांगितलेच नव्हते. मी खिडकीबाहेर बघू लागलो. तेवढ्यात सौ.नी पर्समधून पेन काढले, आधी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि सही केली. बाहेर आल्यावर मी विचारले, "आईच्या पाटल्या?" ती म्हणाली, "बाबा गिरणी बघायला कधी गेलेच नव्हते."

आता आमच्या घरात पंचांग वेगळ्या कारणाने उघडले जाते. तिथी पाहून भरती किती वाजता हे सौ. बोटांवर सांगतात. हवामानाच्या बातम्या लागल्या की मुलगीसुद्धा गप्प बसते. पावसाळाभर बोट कारखान्यात साच्यातून निघत होती. दसऱ्याला नारळ फुटला आणि ती पाण्यात उतरली. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुटी लागलेली असेल. कोकणात आलात, राजापूरवरून जात असलात, तर दोन तास वेगळे काढा. बोट तुम्हाला कुठेही नेणार नाही, याची हमी मी देतो.

तेवढ्यापुरता मी जामीन आहेच.